येशूचा स्वधर्म

शिरोळ तालुक्याला लागूनच मिरज आहे. कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उभारले. तेव्हापासून कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील गावांतल्या कित्येक पिढ्या उपचारांसाठी या ‘मिशन हॉस्पिटल’ची पायरी चढल्या. या परिसराला येशू ख्रिस्त माहीत झाला तो परदेशी डॉक्टरांचा देव म्हणून आणि युरोपीय चित्रकारांनी रंगविलेल्या गौरवर्णी मुद्रेतून. साहजिकच येशू म्हणजे पाश्चात्त्य, हे समीकरण जनमानसात पक्के बसले.

याच्या अगदी उलट टोकाचे प्रतिपादनही महाराष्ट्रात झाले. अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेले गणेश तथा बाबाराव सावरकर यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ या ग्रंथात येशू मूळचा तमिळ हिंदू असल्याचा सिद्धांत मांडला. २०१६ साली हा ग्रंथ पुन्हा प्रकाशित झाला. त्याआधी निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली, येशू भारतात येऊन शिकल्याचे हस्तलिखित लडाखच्या हेमिस मठात पाहिल्याचा दावा केला होता. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस यांनी त्या मठात जाऊन विचारणा केली, तेव्हा मठाधिपतींनी असे काही हस्तलिखित असल्याचे साफ नाकारले. तरीही ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. बाबारावांच्या त्यागाविषयीचा आदर यत्किंचितही उणा न करता म्हणावे लागते की, इतिहासाच्या कसोटीवर यांपैकी काहीही टिकत नाही. येशू युरोपीय नव्हता, तसाच तो हिंदूही नव्हता. तो जन्माने, संस्काराने आणि श्रद्धेने यहुदी होता.

हे सांगायला ख्रिस्तविरोधकांचे ग्रंथ धुंडाळण्याची आवश्यकता नाही. ख्रिस्ती समाजाला पूज्य असलेल्या शुभवर्तमानांतच त्याची साक्ष आहे. जन्मानंतर आठव्या दिवशी यहुदी रीतीप्रमाणे येशूची सुंता झाली. २५ डिसेंबरपासून आठवा दिवस म्हणजे १ जानेवारी. चर्चच्या पंचांगात शतकानुशतके हा दिवस येशूच्या सुंतेचा सण म्हणून पाळला गेला. बाराव्या वर्षी वल्हांडण सणासाठी तो आईवडिलांसह जेरुसलेमच्या यात्रेला गेला. शब्बाथच्या दिवशी सभास्थानात जाणे हा त्याचा परिपाठ होता. नासरेथच्या सभास्थानात तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचायला उभा राहिला. धर्मशास्त्राच्या आज्ञेनुसार त्याच्या वस्त्राला गोंडे होते. शब्बाथच्या नियमांवरून शास्त्री-परूश्यांशी त्याचे खटके उडाले, हे खरे. परंतु असे शास्त्रार्थ तत्कालीन यहुदी आचार्यांत आपसातही होत असत. घरातल्या वादावरून कोणी घर सोडले असे ठरत नाही. क्रुसावरील वेदनांतही त्याच्या मुखी आले ते स्तोत्रसंहितेतील आर्त वचन आणि मस्तकावर रोमन सत्तेने लावलेली पाटी होती ‘यहुद्यांचा राजा’ अशी.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानात आहे. सर्व आज्ञांत पहिली कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले असता येशूने कोणतेही नवे तत्त्व सांगितले नाही. त्याने ‘शमा’ सांगितली, म्हणजे ईश्वर एकच असून त्याच्यावर सर्वस्वाने प्रेम करावे ही प्राचीन यहुदी प्रार्थना. तिच्या जोडीला त्याने शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा ठेवली आणि तीही मोशेच्या धर्मशास्त्रातलीच होती.

या ‘शमा’चा महाराष्ट्राशी असलेला संबंध मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली गेली. परंतु शनिवारची विश्रांती, सुंता आणि ‘शमा’ एवढे मात्र त्यांनी शतकानुशतके जपले. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. ते रोहेकर झाले, पेणकर झाले, दिवेकर झाले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. येथे त्यांच्या श्रद्धेचा कोणी छळ केला नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी त्यांच्यापर्यंत पोहोचले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. या शिक्षणातून हा समाज ख्रिस्ताकडे वळेल, अशी मिशनरींची अपेक्षा होती. घडले उलटेच. बेने इस्राएलांनी हिब्रू आत्मसात केली, मिशनच्या शाळांचा लाभ कृतज्ञतेने घेतला आणि ते अधिक डोळस यहुदी झाले. धर्मांतर केलेले अगदी मोजके निघाले. येशूने जी प्रार्थना सर्वश्रेष्ठ मानली, तीच प्रार्थना ओठी असलेल्या माणसांना येशूच्याच नावाने पितरांचा धर्म सोडायला सांगितले जात होते! यातील विसंगती कोकणातल्या त्या साध्या माणसांना उमगली होती.

मग येशू आणि त्याचा समाज यांच्यात अंतर पडले कसे? ते त्याच्यानंतर, क्रमाक्रमाने पडले. त्याचे पहिले अनुयायी यहुदीच होते आणि जेरुसलेमच्या मंदिरात जात होते. पौलाच्या प्रचारामुळे यहुदीतर लोक मोठ्या संख्येने आले. ३२१ साली कॉन्स्टंटाइनने रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरविला आणि ३२५ च्या निकिया परिषदेने ईस्टरची तिथी यहुदी गणनेपासून तोडली. येशूचा धर्म मागे पडला; येशूविषयीचा धर्म पुढे आला.

या विस्मृतीची परिणती किती भीषण झाली, हे विसाव्या शतकाने पाहिले. नाझी जर्मनीत १९३९ साली आयझेनाख येथे, ख्रिस्ती जीवनातून यहुदी अंश पुसून टाकण्यासाठी चर्चच्या मंडळींनी एक संस्थाच काढली. येशू आर्य होता, असे तेथील विद्वान सांगू लागले. इकडे त्याच्याच वंशबांधवांपैकी साठ लाखांची हत्या झाली. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने, येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी समाजावर ठेवता येणार नाही, असे घोषित केले आणि चर्चच्या यहुदी मुळांचे स्मरण केले. गेझा व्हर्मेश यांच्या ‘जीझस द ज्यू’ या १९७३ च्या ग्रंथानंतर तर अभ्यासकांच्या जगात येशूचे यहुदीपण सर्वमान्य झाले आहे.

येशू हा देवाचा पुत्र आहे, ही ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आहे. तिचा निवाडा इतिहास करू शकत नाही आणि तिची टवाळी करणे हिंदू मनाला शोभणारे नाही. परंतु येशूची स्वतःची उपासना कोणती होती, हा प्रश्न इतिहासाचा आहे. नृसिंहवाडीला बारा वर्षे राहिलेल्या नृसिंह सरस्वतींना वेद आणि संन्यासधर्म यांपासून तोडून कोणी समजून घेऊ म्हटले, तर दत्तभक्त ते मान्य करतील काय? तोच न्याय नासरेथच्या येशूला लावला पाहिजे. त्याला पाश्चात्त्य ठरविणे हा अन्याय आहे आणि ओढूनताणून हिंदू ठरविणे हाही अन्यायच आहे. स्वतःच्या परंपरेचा सार्थ अभिमान असलेल्या समाजाला दुसऱ्याचा महापुरुष उसना घेण्याची गरज नसते.

यापुढे धर्मांतराचा प्रश्न निघेल तेव्हा एवढेच शांतपणे विचारावे की, ज्याने अखेरच्या श्वासापर्यंत पूर्वजांच्या ईश्वराला, पूर्वजांच्याच शब्दांत हाक मारली, त्याच्या नावाने कोणाला पूर्वजांपासून तोडणे कितपत उचित आहे? हा प्रश्न द्वेषातून विचारण्याचे कारण नाही. तो येशूच्याच चरित्रातून उभा राहतो.