नाताळच्या शुभेच्छा आणि मनुस्मृती दहन दिन

डिसेंबर संपत आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. कुणी ‘मेरी ख्रिसमस’ लिहिले की लगेच उत्तर येते : आज मनुस्मृती दहन दिन आहे, बावीस प्रतिज्ञा विसरलात का?

प्रतिज्ञांनी देवपूजा नाकारली. शेजाऱ्याला शुभेच्छा देण्यास त्यांत कुठेही मनाई नाही. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. बाबासाहेबांचा लढा विषमतेशी होता.

शिवाय आपल्या वस्त्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतूनच आलेली आहेत. १९९० मध्ये केंद्राने कायदा बदलून धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा दिला. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. त्यांना शुभेच्छा नाकारून आपण कोणती समता साधतो?

काळजी करायची तर आपल्या दिवसांची करू. दहन दिन, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव शौर्य दिन, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन. हे सारे आता स्टेटसवरच्या एका फोटोत आटोपते. मनुस्मृती का जाळली, हे वस्तीतल्या किती मुलांना सांगता येईल?

म्हणून आम्ही दोन्ही करतो. सकाळी शेजाऱ्यांना नाताळच्या शुभेच्छा देतो, संध्याकाळी विहारात मुलांना महाड सांगतो. शेजारी आले, तर त्यांनाही बसवून घेतो.

जय भीम!