परत फिरलेली सहल



गेल्या जानेवारीत आपल्या शाळेची सहल इंदूरहून मनालीला गेली होती. दोन दिवस सतत बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि मुले तयार होऊन गाडीत बसली. पण तिथला ड्रायव्हर म्हणाला, "आज वर जाऊ नका." शिक्षकांनी त्याचे ऐकले आणि मुलांना माघारी आणले. घरी परतल्यावर काही पालकांनी लेखी तक्रार दिली की पैसे पूर्ण घेतले आणि बर्फ मात्र हॉटेलच्या अंगणातलाच दाखवला. हा विषय विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निघाला. म्हणून आमचे मत आम्ही इथे स्पष्टपणे मांडतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'हिमस्खलन' हा शब्द आम्ही तेव्हाच पाठ केला होता, पण त्याचा अर्थ बऱ्याच उशिरा कळला. डोंगरावरचा बर्फ हा एकसंध गोळा नसतो. तो थरांनी साचतो. कडक थंडीत एखादा थर साखरेसारखा रवाळ होतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. त्यावर नव्या बर्फाचे ओझे पडले की वरचा थर कधी घसरेल याचा नेम नसतो. घरी करून पाहा. पाटावर रवा पसरा, त्यावर ताट ठेवा आणि पाट हळूहळू तिरपा करा. ताट क्षणात खाली येईल. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. कंपासपेटीतील कोनमापकाने हा उतार वहीवर काढून पाहा, तो फारसा भयानक दिसत नाही. हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच आकाश निरभ्र होऊन मन मोहात पडते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथू ला मार्गावर हिमस्खलन होऊन 7 पर्यटक दगावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती, पण लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा' शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक सापडले आणि 29 जण गेले. त्यात प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. जिथे जाणकारही सापडतात, तिथे आपल्या माळव्यातल्या मुलांनी काय अंदाज बांधायचा? गाडले गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फार कमी होते. एवढ्या वेळात मदत कुठून पोहोचणार?

काही पालक याच्या उलट म्हणतात, "मग डोंगरावर नेताच कशाला?" हेही आम्हाला मान्य नाही. हिमालय पाहिल्याने मुलांचे मन मोठे होते. सहल पुढच्या वर्षीही जाईल. मात्र जाताना काही गोष्टी ठरवून जाव्यात. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते शिक्षकांनी रोज पाहावेत. स्थानिक माणसाने 'नको' म्हटले की तो शब्द अखेरचा समजावा. कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे एक दिवस हुकला तरी दुसरा हाती राहील.

पालकांचे पैसे कष्टाचे असतात, याची आम्हाला जाणीव आहे. जी रक्कम खर्च झाली नाही ती परत केली आहे. पण परत फिरण्याचा निर्णय घेणाऱ्या शिक्षकाला नंतर जाब विचारला, तर पुढच्या वेळी तो तक्रारीच्या भीतीने गाडी पुढे नेईल. आम्हाला खरी भीती याचीच वाटते. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की सुरक्षिततेसाठी सहल माघारी आणणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी शाळा उभी राहील, असे नियमावलीत लिहून घ्यावे.

मुलांनो, फोटो राहिला म्हणून हळहळू नका. तुम्ही सगळेच्या सगळे परत आलात, दुसऱ्या दिवशी हजेरीत प्रत्येक नावाला "उपस्थित" असे उत्तर मिळाले. आमच्या दृष्टीने सहल यशस्वी झाली.