काट्याच्या संगणकाचेही बेणे राखून ठेवा



लागणीची नोंद, तोडणीचा क्रम आणि काट्यावरचे वजन, या तीन गोष्टींवर ऊस उत्पादकाचे वर्ष उभे असते. पूर्वी या तिन्ही गोष्टी जाडजूड रजिस्टरांत असत. आता त्या गट ऑफिसच्या आणि वजनकाट्याच्या संगणकात आहेत. रजिस्टर पावसात भिजले तर वाळवता येई, उंदराने कुरतडले तरी निम्मे वाचता येई. संगणकाच्या पोटातली हार्ड डिस्क मात्र एकदा बसली की एक ओळही दाखवत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की गळीत हंगामापूर्वी या प्रत्येक संगणकाची संपूर्ण डिस्क इमेज घेतली जावी, ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहिली जावी, आणि हे झाल्याशिवाय गव्हाणीत मोळी पडू नये.

कोणी म्हणेल, शेतकी खात्याने उसाच्या जातीवर लिहावे, संगणकाचे संगणकवाले बघतील. बघतील हो. पण तोडणीचा क्रम चुकला की लोक गट ऑफिसात येऊन भांडतात ते आमच्याशी!

‘आमच्याकडे रोज बॅकअप होतो’ असे सगळीकडे सांगितले जाते. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की संध्याकाळी नोंदींच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. हे चांगलेच आहे, ते बंद करू नये. पण ते अर्धे काम झाले. फायलींची नक्कल म्हणजे घरातली भांडीकुंडी बाहेर काढून ठेवणे. डिस्क इमेज म्हणजे भिंती, चूल, कड्या-कुलपांसकट ते घर पुन्हा जसेच्या तसे उभे करता येईल अशी सोय. संगणक ज्यावर चालू होतो ती मूळ यंत्रणा, काट्याचा प्रोग्रॅम, काट्याशी आणि प्रिंटरशी जुळवलेल्या सेटिंग, पासवर्ड, नोंदी, असे डिस्कवर जे जे आहे ते सगळे एका मोठ्या फाइलच्या रूपाने बाहेरच्या डिस्कवर जाते. इमेज म्हटले म्हणून तो फोटो समजू नये. फोटोतल्या बैलाने नांगरट होत नाही. इमेज मात्र नव्या डिस्कवर उतरवली की कामाला लागते.

हा फरक केवढ्याला पडतो ते आम्ही एका कारखान्यावर पाहिले आहे. ऐन हंगामात रात्री काट्याच्या संगणकाची डिस्क गेली. पेनड्राइव्हवर आदल्या दिवसापर्यंतच्या फायली होत्या, पण त्या उघडणारा प्रोग्रॅम कोणाजवळ नव्हता. तो बसवून देणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला, त्याची सीडी कपाटात सापडेना. नवा संगणक आला तरी काटा त्याच्याशी बोलेना. ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर गेली, वजने हाताने लिहिली जाऊ लागली. तुटलेला ऊस तासातासाला वाळतो आणि वजनात घटतो हे आपणांस सांगायला नको. ती घट शेवटी कोणाच्या बिलात बसली, हेही सांगायला नको.

गट ऑफिसचे दुखणे त्याहून वाईट. काट्याची पावती निदान वाहनवाल्याच्या खिशात तरी असते. लागण तारखेची नोंद गेली की तारीख तोंडी राहते. आणि तोंडी तारखेला ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी तुटतो. वीस गुंठेवाला आडसाली लावूनही मार्चपर्यंत वाट बघत बसतो, तोवर उसाला तुरा येऊन गेलेला असतो. कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. पण ते १४ दिवस ऊस पोचल्यावर मोजायचे. जो ऊस फडातच उभा आहे त्याला कसले १४ दिवस?

आता खरा मुद्दा. इमेज घेऊन कपाटात ठेवली म्हणजे झाले, असे नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे आपण तसेच पेरत नाही. गोणपाटावर १०० दाणे भिजत ठेवतो, ७० तरी उगवले तर पेरतो. इमेजचीही अशी उगवण पाहायला हवी. अमेरिकेत पिक्सार कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे त्या दिवशी कळले. एका बाईंनी लहान बाळामुळे घरून काम करण्यासाठी नेलेली प्रत सापडली म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या जाणत्या लोकांची ही गत, तर आपल्या काट्याच्या खोलीची काय कथा!

म्हणून बिगर हंगामात एक कोरी डिस्क घ्यावी, मूळ डिस्कएवढी किंवा मोठी. इमेज तिच्यावर उतरवावी, ती काट्याच्याच संगणकात बसवावी, एक रिकामी गाडी काट्यावर चढवून पावती छापून पाहावी. पावती निघाली तर उगवण झाली, आणि जोडडिस्कही आयती तयार झाली. इमेज उतरवताना समोरच्या डिस्कवरचे सगळे पुसले जाते. कुठून कुठे हे उलटे झाले तर चांगल्या डिस्कचीच माती होईल, म्हणून हे काम घाईत किंवा एकट्याने करू नये. मूळ डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तिची किल्ली, म्हणजे तो लांबलचक आकडा, कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा.

इमेजची डिस्क संगणकाला लावून ठेवणे म्हणजे बेणे त्याच पेटत्या गंजीत ठेवणे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या संगणकांना कुलूप ठोकून खंडणी मागितली. असले व्हायरस जोडलेल्या डिस्कही सोडत नाहीत. काम झाले की डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. इमेज तिच्या तारखेइतकीच ताजी असते, तेव्हा हंगामात दर आठवड्याला नवी इमेज आणि रोजच्या फायलींची नक्कल, दोन्ही चालू राहावे.

खर्चाचे कारण आम्हांस पटत नाही. तैवानमध्ये तयार झालेला क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पेनड्राइव्हवरून संगणक चालू करायचा आणि इमेज घ्यायची, तासा-दोन तासांचे काम. पैसे लागतात ते बाहेरच्या डिस्कला आणि जोडडिस्कला. एका वाहनाच्या टायरवर आपण याहून अधिक घालवतो.

येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी हे विचारावे: शेवटची इमेज कोणत्या तारखेची, ती कुठे ठेवली आहे, आणि उतरवून कोणी पाहिली? तारीख, जागा आणि नाव, तिन्ही सांगता आली पाहिजेत. प्रत्येक गट ऑफिसात लागणीच्या यादीशेजारी हा कागद लावावा, असे आम्ही संचालक मंडळास सुचवीत आहोत.