राखेने टिपलेलं पुढे ठेवायचं कुठे?

औष्णिक केंद्रांच्या राखेवर विदर्भात लिहायचं म्हटलं की तक्रारच लिहावी लागते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल नदी-नाल्यांत, शेतांत पसरला. हीच राख सांडपाण्यातले किरणोत्सारी धातू टिपू शकते, हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती शंभर अंशांच्या आसपास काही तास तापवली की झिओलाइटचे स्फटिक तयार होतात. त्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत सोडियम असतो. पाण्यातलं सीझियम किंवा स्ट्रॉन्शियम आत शिरतं, सोडियम बाहेर पडतो. राखेपासून झिओलाइट करण्याच्या प्रक्रियांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पेटंटंही घेतली आहेत.

पण धातू टिपण्याचे बरेच प्रयोग डिस्टिल्ड पाण्यात होतात, आणि नव्वद-पंच्याण्णव टक्के धातू निघाल्याचा आकडा तिथलाच असतो. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी, सेलूकडच्या एखाद्या बोअरचं पाणी घ्या. डाळ शिजता शिजत नाही असं. त्यातलं कॅल्शियम स्ट्रॉन्शियमच्या आधीच जागा अडवून बसतं. युरेनियमची गत आणखी वेगळी. बायकार्बोनेटच्या पाण्यात ते कार्बोनेटशी जोडलं जाऊन ऋणभारित होतं, आणि झिओलाइटची चौकटही ऋणभारित, म्हणून ते तिथे टिकत नाही. तिथे राखेवर निराळी प्रक्रिया हवी.

अशा खऱ्या पाण्यातली राखेची पारख वर्ध्यातच व्हावी. तिला अणुभट्टी लागत नाही. किरणोत्सारी नसलेलं साधं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या तसंच वागतं, त्यामुळे विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरते. ग्रामोद्योगांसाठी कुमारप्पांनी जिथे काम उभं केलं, त्या मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिनेही यात हात घालावा. भूगावच्या पोलाद कारखान्याची धातुमळीही याच कसोटीला लावून पाहावी.

आणि सीझियम-१३७ टिपलेली राख ही राख राहत नाही, तो किरणोत्सारी कचरा होतो. या सीझियमचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षं. हजारावा भाग उरायला ३०० वर्षं लागतात. तारापूर आणि तुर्भ्याला अतितीव्र कचरा काचेत बंदिस्त करतात, सौम्य कचरा सिमेंटमध्ये. तेव्हा सिमेंटमध्ये घट्ट केलेल्या या राखेतून वर्षभर पाण्यात ठेवल्यावर किती सीझियम पुन्हा सुटलं, तो आकडा प्रत्येक संशोधकाने धातू निघाल्याच्या टक्केवारीच्या शेजारी छापावा, आणि अनुदान देणाऱ्यांनी तो आधी मागावा.