मुलांचे पुस्तक कोणी निवडावे?

गेल्या अंकात आम्ही वाचकांस विचारले होते की, आपल्या घरात मुलांनी काय वाचावे हे कोण ठरवितो? प्रश्न आम्हांस किरकोळ वाटला होता. उत्तरे मात्र तशी आली नाहीत. बहुतेकांनी वडीलधाऱ्यांचा अधिकार गृहीत धरला आहे, आणि मुले वाचीत नाहीत म्हणून खेदही केला आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका फार थोड्यांस आली. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील एकाच घरातून तीन पत्रे आली आहेत. ती एकमेकांस न दाखविता लिहिलेली दिसतात. तिघांच्याही संमतीने त्यांचा सारांश येथे देत आहो.

पहिले पत्र घरातील नव्वदी ओलांडलेल्या वडील गृहस्थांचे आहे. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. मुंजीच्या वयाच्या प्रत्येक मुलामुलीस ते 'श्यामची आई' देतात. पूर्वी मुले ती वाचून रडत. हल्लीची दहा पानांत खाली ठेवतात, हे त्यांचे दुःख. ते लिहितात की, निजामी राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. १९४८ पूर्वी मराठी पुस्तक घरात आणणे हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. भाषा टिकविण्याचे ते साधन होते. म्हणून त्यांच्या वडिलांनी प्रत्येक पुस्तक पारखून आणले, आणि तीच शिस्त ते आजवर पाळीत आले.

दुसरे पत्र नातसुनेचे. मुलगी वाचीत नाही ही तक्रार त्यांस मान्य नाही. ती वाचते, पण दिलेले वाचीत नाही. वरच्या फळीवरची चिं. वि. जोशी यांची चिमणरावांची पुस्तके मोठ्यांसाठी म्हणून ठेवलेली; ती तिने कधीच संपविली. उलट तिच्या दप्तरातील भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' या बाईंनी रात्री स्वयंपाकघरातील दिव्याखाली वाचून काढला. 'घरात मोठ्यांची पुस्तके लहान वाचतात आणि लहानांची मोठे, फक्त कोणी कबूल करीत नाही,' असे त्या लिहितात.

तिसरे पत्र अकरा वर्षांच्या पणतीचे. ते चारच ओळींचे आहे. 'मोठे आजोबा पुस्तक देतात आणि मग तात्पर्य विचारतात. तात्पर्य विचारायचे आहे हे ठाऊक असले की गोष्ट वाचताना ऐकूच येत नाही. मीही त्यांना एक पुस्तक देणार आहे. पण ते घेतील का?'

वडील गृहस्थांचा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या शाळेत मायबोलीला मान नव्हता, त्यांस पुस्तकाची निवड हा कर्तव्याचा भाग वाटला तर नवल ते काय? परंतु त्यांच्याच पत्राच्या शेवटी एक ताजा कलम आहे. त्यात ते लिहितात की, लहानपणीचे सर्वांत आवडते पुस्तक कोणते असे कोणी विचारल्यास त्यांस मनातून एक उर्दू कथांचे पुस्तक आठवते. ते वर्गमित्राकडून मागून आणले होते आणि भर दुपारी गच्चीवर बसून वाचले होते. ते कोणी दिले नव्हते, आणि त्याविषयी कोणी काही विचारलेही नाही. आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या ताज्या कलमात आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांच्याच शहरात याचा आणखी एक दाखला आहे. २०२१ च्या जानेवारीत, कोरोनामुळे मुले घरी बसली असता, बायजीपुऱ्यातील एका शाळकरी मुलीने ग्रंथविक्रेत्या वडिलांच्या साहाय्याने आपल्याजवळची पुस्तके मोहल्ल्यातील मुलांसाठी मोकळी केली. पुढे शहरातील इतर मोहल्ल्यांतही अशी बालवाचनालये निघाली. तेथे पुस्तक मांडणारी मुलगी आणि नेणारी मुलेच. कपाट मोहल्ल्यात उघडे राहू शकते, तर आपल्या घरात त्यास कुलूप कशासाठी?

मग 'श्यामची आई' देऊच नये काय? आमचे मत तसे नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी ध्यानात घ्यावी. त्यात प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांस 'रात्र' असे नाव आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. जे पुस्तक मोठ्याने मोठ्यांस, रात्री बसून, तोंडाने सांगितले आहे, ते आपण मुलाच्या हाती दुपारी एकट्याने वाचावयास देतो आणि सायंकाळी परीक्षा घेतो. दोष मुलाचाही नव्हे आणि पुस्तकाचाही नव्हे. एका रात्री एक प्रकरण वडिलांनी सर्वांसमक्ष वाचावे, आणि वाचून झाल्यावर दिवा मालवावा. वाचताना त्यांचाच कंठ दाटून आला, तर त्याहून वेगळे तात्पर्य कोणते?

दुसरी सूचना पणतीच्या वतीने करितो. ती देईल ते पुस्तक मोठ्या आजोबांनी घ्यावे, पुरते वाचावे, आणि न आवडल्यास तसे मोकळेपणी सांगावे. ज्या घरात नापसंतीस जागा आहे, तेथेच पसंतीस किंमत येते.

हा मजकूर छापावयास जात असता त्या घरातून एक पोस्टकार्ड आले. अक्षर वडील गृहस्थांचे आहे : 'फास्टर फेणे वाचावयास घेतला आहे. कपाटाची किल्ली सध्या कपाटालाच आहे.'

पुढील अंकासाठी प्रश्न : आपल्या घरातील मुलाने आपणांस वाचावयास दिलेले शेवटचे पुस्तक कोणते, आणि आपण ते वाचले काय? उत्तरे मुलांनी लिहिली तरी चालतील. वडिलांस दाखविण्याची आवश्यकता नाही.