ट्रक जोडणाऱ्या माणसाला घरातली खिडकी द्या

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून ट्रकचं हुबेहूब मॉडेल बनवणं हा आपल्याकडे अजून फारसा रुळलेला छंद नाही. पण अलीकडे पन्नाशी-साठीतले काही पेशंट मला त्याबद्दल सांगतात, तेही जरा दबक्या आवाजात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, येताना पीटरबिल्ट किंवा केनवर्थ ट्रकचा किट आणते आणि निवृत्त बाबा त्यात पार बुडून जातात. सोबत आलेल्या काकू म्हणतात, "डॉक्टर, या वयात खेळणी! आणि त्या वासानं डोकं उठतं ते वेगळंच." काकूंच्या तक्रारीचा पहिला भाग मला अजिबात मान्य नाही. दुसरा शंभर टक्के मान्य आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सेमी ट्रक म्हणजे पुढे ओढणारा लांब नाकाचा ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीवर टेकलेला ट्रेलर. या ट्रेलरला पुढची चाकं नसतात, म्हणून तो 'सेमी', म्हणजे अर्धा. किट बहुधा १:२४ किंवा १:२५ या प्रमाणात येतात. चाळीस फुटी ट्रेलर यात साधारण अर्ध्या मीटरचा होतो. चासी, इंजिन, डिझेलच्या टाक्या, चकचकीत धुराडी, सगळं वेगवेगळं कापून, घासून, रंगवून जोडायचं. खरी मजा त्यानंतर सुरू होते. केबिनच्या मागून ट्रेलरकडे ब्रेकच्या हवेच्या दोन नळ्या जातात, एक लाल आणि एक निळी (आम्हा डॉक्टरांना लगेच रोहिणी आणि नीला आठवतात). त्या मिलिमीटरहूनही बारीक तारेच्या करायच्या. चाकांवर चिखल, टाकीवर डिझेलचा ओघळ रंगवायचा. एका ट्रकला दोन-तीन महिने सहज जातात.

हा पोरखेळ नाही. बोटांचं इतकं नाजूक काम, क्रम लक्षात ठेवणं, चुकलं की शांतपणे उकलून पुन्हा करणं, हे निवृत्त माणसाला दिवसभर टीव्हीसमोर मिळत नाही. पण 'मॉडेल बनवल्याने स्मृतिभ्रंश टळतो' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका, तसं सिद्ध झालेलं नाही. आनंद होतो, एवढं कारण पुरेसं आहे.

माझी तक्रार जागेबद्दल आहे. घरचे टोमणे मारतात, वास येतो म्हणून ओरडतात, मग गृहस्थ बेडरूमचं दार लावून घेतात. खिडकी बंद, एसी चालू. ज्या कामाला घरातली सर्वांत मोकळी जागा हवी, ते सर्वांत कोंडलेल्या जागेत होतं.

हे का वाईट, ते समजून घ्या. या कामातला 'गोंद' आपल्या डिंकासारखा नसतो. तो पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भागांचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि मग द्रावक हवेत उडून जातं. म्हणजे हे चिकटवणं कमी आणि वेल्डिंग जास्त. उडून गेलेलं द्रावक, म्हणजे ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट यांसारखी रसायनं, तुमच्या नाकात जातं, कारण तुमचं नाक त्या जोडापासून वीतभर अंतरावर असतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांनी असा गोंद मुद्दाम हुंगायला सुरुवात केली होती. शेवटी एका कंपनीने त्यात मोहरीतलं झोंबणारं द्रव्य मिसळलं, म्हणजे कोणी हुंगू नये.

थोड्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं, हलकी चक्कर येते. दमा असेल तर तो उसळू शकतो. फसवी गोष्ट अशी की काही मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं. "आता वास येत नाही" याचा अर्थ हवा साफ झाली असा नाही. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच जाणवतो तो वास खरा. घरात गरोदर सून किंवा दम्याचा नातू असेल तर हे काम त्यांच्या खोलीत आणि त्यांच्यासमोर नकोच.

इथे तीन गैरसमज वारंवार ऐकतो. एक, एसी हवा शुद्ध करतो. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, वाफा बाहेर फेकत नाही. दोन, छताचा पंखा पुरतो. या वाफा हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात, आणि खिडकी बंद असेल तर पंखा त्या फक्त घरभर पसरवतो. तीन, कोविडमधला एन-९५ मास्क आहे ना! तो कण अडवतो. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी उत्तम, पण वाफ त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो.

आणि हे द्रावक भुरकन पेटतं. टेबलाजवळ निरंजन, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट काही नको. देवघराशेजारी मांडलेलं टेबल आधी हलवा.

रंगांबद्दल. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने लावलेत तर मला काळजी नाही. तेच एअरब्रशने उडवले तर बारीक तुषारांतून रंगद्रव्य श्वासात जातं, 'वॉटर बेस्ड' लिहिलेलं असलं तरीही. स्प्रेच्या डब्यातलं लॅकर गच्चीवर, मोकळ्या हवेतच मारा. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे ते चार महिने रंगकाम थांबवणं मॉडेललाही बरं.

एका गोष्टीला मात्र माझा साफ विरोध आहे. ट्रकला शोरूमसारखी चमक यावी म्हणून काही जण हार्डनर मिसळून मारायचं दोन भागांचं युरेथेन क्लिअर वापरतात. त्यात आयसोसायनेट असतं. गाड्या रंगवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचं ते एक प्रमुख कारण आहे. शरीर त्याला एकदा संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. कामगारांसाठी रंगाची बंदिस्त केबिन आणि बाहेरून हवा पुरवणारे मास्क असतात. तुमच्या बाल्कनीत ते नाही. साधी चमक चालेल.

आता हातांचं. बारीक नळी बसवताना हात थरथरला की माणूस घाबरतो. अनेकांना आपल्या हाताचा कंप पहिल्यांदा या टेबलावरच दिसतो, कारण एरवी इतकं बारीक काम आपण करतच नाही. प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन नव्हे. थोडी थरथर सगळ्यांनाच असते. चहा-कॉफी, अपुरी झोप, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, वाढलेलं थायरॉइड यांनी ती वाढते. काम करताना, कप उचलताना दोन्ही हात कापतात आणि घरात आणखी कोणाला तसंच आहे, तर तो बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर' असतो. पार्किन्सनचा कंप सहसा एका बाजूने सुरू होतो आणि हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसतो. सोबत हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. असं काही वाटलं तर दाखवून घ्या, पण छंद सोडू नका. मनगट आणि कोपर टेबलावर टेकवलं तर निम्मं काम होतं.

मधुमेह असेल तर थरथरीचा आणखी एक अर्थ आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस तहानभूक विसरून दोन वाजेपर्यंत चाकं रंगवत बसतो. मग घाम, थरथर, धडधड, चिडचिड. ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत आणि ती वाफेच्या त्रासात किंवा 'वयामुळे होतं' यात लपून जातात. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग जेवा. बरं वाटेनासं झालं आणि जवळ मीटर नसेल तर आधी साखर, चौकशी नंतर. टेबलावर रंगांच्या बाटल्यांपासून लांब एक साखरेची डबी ठेवाच, आणि मोबाइलमध्ये जेवणाचा गजर लावा.

डोळ्यांचं थोडक्यात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसणारा भाग खाली असतो, त्यामुळे माणूस हनुवटी वर करून तासन्‌तास बसतो आणि मान धरते. या कामासाठी जवळचा वेगळा चष्मा करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना टेबलाचं अंतर मोजून सांगा. भिंगाचा दिवा घेतलात तर उत्तम.

कापायच्या चाकूचं टोकदार पातं ११ नंबरचं असतं, आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या ११ नंबरच्या पात्यासारखंच. तो टेबलावरून घरंगळला तर झेलू नका, पाय मागे घ्या. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल आणि कापलं, तर स्वच्छ कापड दाबून १० मिनिटं धरा, मध्ये उघडून बघू नका. सुपर ग्लूने बोटं चिकटली तर ओढाताण नको, कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू सोडवा. सांडलेला ग्लू कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका. कापसाशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते की भाजू शकतं. डोळ्यात उडाला तर पापण्या जबरदस्तीने न उघडता पाण्याने धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि काकू, तुम्हाला एक विनंती. हॉलमधली किंवा बाल्कनीतली उघडी खिडकी त्यांना द्या. टेबल खिडकीला लावून मांडा, आणि वारा त्यांच्या पाठीकडून येऊन खिडकीतून बाहेर जाईल असं बघा. घरात इतरांची वर्दळ असेल तर नीट साफ ठेवायची अट जरूर घाला. गोंद सुकायला वेळ लागतोच, त्या वेळात त्यांना भाजी आणायला पाठवा. बैठं काम आहे, चालणं होईल. पुढच्या वेळी मुलगी किट आणेल तेव्हा कोळशाच्या काडतुसाचा मास्कही मागवा. काम झालं की तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायचा, नाहीतर कोळसा हवेतच संपतो. आणि काकांना सांगा, दाढी ठेवली तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही.