सात अंशांचा उन्हाळा

चाकाखाली

अमरावतीच्या एका वाचकाने या आठवड्यात सदरलेखकाच्या मोबाइलवर एक तक्ता धाडला. गाडी एमएच-27 पासिंगची, टर्बो इंजिनाची नवीकोरी सेडान. चाकांचे माप 205/55 आर 16. प्रश्न एकच: यातला कुठला 'समर टायर' घेऊ? तक्ता युरोपातल्या चाचणीचा होता आणि पहिल्या नंबराच्या टायरभोवती लाल गोल केलेला. खाली पुरवणी जोडली होती, 'आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको.'

नकोच. 2020 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 47.4 अंशांवर गेला होता. 2024 च्या मेअखेर तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावे लागले. जमावबंदी दंगलीसाठी असते एवढेच ज्यांना ठाऊक होते, त्यांना ती सूर्यासाठीही लागते हे तेव्हा कळले.

आता तक्त्यातला उन्हाळा पाहा. युरोपात समर टायरची हद्द सुरू होते 7 अंशांवर. पारा त्याखाली गेला की साध्या टायरचे रबर कडक पडते, म्हणून तिकडे विंटर टायर चढवतात. थंडी सरली की ते उतरवून समर. म्हणजे 'समर' या शब्दाचा अर्थ तिथे फक्त 'बर्फ नाही' इतकाच. या हिशेबाने वऱ्हाडात पौषातली पहाट सोडली तर बाराही महिने उन्हाळा, आणि आपल्या दुकानांत भिंतीला टांगलेला जवळपास प्रत्येक टायर समरच. दुकानदाराकडे 'समर टायर दाखवा' म्हणणे हे भाजीबाजारात जाऊन 'शाकाहारी वांगी द्या' म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा खरी तुलना नावांची नाही, स्वभावांची. एकाच मापाचे दोन टायर शेजारी ठेवा. पहिला स्पोर्टी: रबर मऊ, त्यात सिलिका भरपूर, खांद्यावरचे ठोकळे रुंद, बाजूवर डब्ल्यू किंवा वाय हे अक्षर, म्हणजे ताशी 270 किंवा 300 किलोमीटरची तयारी. दुसरा टूरिंग: रबर थोडे कडक, चाल शांत, अक्षर व्ही, म्हणजे 240. पहिल्याचा झिजेचा आकडा 300 च्या आसपास, दुसऱ्याचा बहुधा 400 च्या पुढे. आकडा मोठा तर टायर जास्त टिकणार. मात्र हा आकडा ज्याची त्याची कंपनीच ठरवते, त्यामुळे तो सोयरिकीच्या बैठकीत सांगितलेल्या पगारासारखा ऐकावा.

आता हे दोन्ही टायर मे महिन्याच्या दुपारी अमरावतीहून अकोल्याला न्या. रस्ता तोच, लोणी ते माना या टप्प्यात 2022 मध्ये गिनीज बुकात गेलेला: 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची एक मार्गिका. त्याची आरती या सदरात एकदा झाली आहे, पुन्हा नको. बाहेर 45 अंश असताना उन्हातले डांबर सहज साठीच्या पुढे जाते. अशा कोरड्या रस्त्यावर ताशी 100 च्या मर्यादेत करकचून ब्रेक मारला तर स्पोर्टी टायर थोडा आधी थांबेल, हे मान्य. पण त्याची खरी कमाई वळणावर असते, आणि बडनेरा सोडल्यावर बोरगाव मंजूपर्यंत स्टिअरिंगला फारसे काम उरत नाही. उरते ती झीज. तापल्या डांबरावर मऊ रबर लवकर झिजते. थोडक्यात, मे महिन्यात हा टायर मालकाची हौस भागवतो आणि रस्ता टायरची.

खेळ बदलतो तो पहिल्या पावसात. आठ महिन्यांची धूळ आणि सांडलेले ऑइल ओले होते, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून शेतातली काळी माती महामार्गावर येते. दोन सरींत रस्त्यावर साबण चोळल्यासारखा थर बसतो. मातीचा चिखल नक्षीत भरला की दोन्ही टायर सारखेच लाचार. पण नुसते पाणी असेल तिथे खोबण्यांची रुंदी आणि रबरातली सिलिका कामाला येते. युरोपीय लेबलावर ओल्या रस्त्यावरची पकड 'ए' ते 'ई' अशी लिहिलेली असते. ताशी 80 च्या वेगातून थांबताना एका वर्गाचा फरक साधारण 3 ते 6 मीटर पडतो. म्हणजे सरासरी एका सेडानची लांबी. पुढे अचानक म्हैस आली तर ती वाचणार की नाही, हे या लांबीत ठरते. आणि मुख्य गोष्ट अशी, की ओल्यात चांगला असायला टायर स्पोर्टी असावाच लागत नाही. टूरिंग टायरांतही उत्तम पकडीचे नमुने आहेत. लाल गोल केलेल्या ओळीपेक्षा त्या तक्त्यातला ओल्या ब्रेकिंगचा रकाना महत्त्वाचा. वाचकाने तो कापूनच पाठवला होता.

आपल्याकडे तो रकाना सहज सापडत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे टायरवर दिसू लागले आहेत, पण ते मुख्यतः इंधनबचतीचे. ओल्या पकडीचा किमान निकष सरकारने 2022 च्या अधिसूचनेने आणला. किमान म्हणजे पास-नापास; पहिला कोण आणि काठावर कोण, हे ग्राहकाला कळत नाही. त्यात जून 2020 पासून टायर आयातीवर निर्बंध. मग परदेशी तक्त्यातला पहिला नंबर इथे मिळेल तर चढ्या भावाने, आणि कधीचा जुना ते टायरवरचे चार आकडे वाचल्यावर कळेल. 2319 लिहिले असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. पत्र्याच्या गोदामात पाच उन्हाळे काढलेले मऊ रबर मऊ राहत नाही.

चिखलदऱ्याचे म्हणाल तर तिथे सदरलेखक हार मानतो. परतवाड्याहून वर चढताना श्रावणातल्या ओल्या वळणांवर स्पोर्टी टायरने जो विश्वास येतो तो टूरिंगने येत नाही. पण वर्षातून किती वेळा?

एवढा खल करून टायर घ्यायचा आणि मग मूर्तिजापूरच्या अलीकडे दुपारी दोनला हवा तपासायला थांबायचे. पंक्चरवाला गेज लावतो, काटा 40 वर. "लय तापले भाऊ, हवा कमी करून देऊ?" मालक मान डोलावतो, फुस्स होते, 33 वर आणले की दोघेही समाधानी. गणित असे आहे: पहाटे 27 अंशांत, थंड टायरमध्ये 33 भरले होते. 45 अंशांच्या दुपारी नुसत्या हवामानाने ते 36 च्या घरात जातात, वर धावण्याची उष्णता. म्हणजे 40 हे दुखणे नव्हतेच. आता काढलेल्या हवेचा हिशेब दुसऱ्या पहाटे निघतो, गेज 27 दाखवते. कमी हवेचा टायर बाजूने जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की व्ही काय आणि वाय काय, अक्षराचे वचन संपते. ती अक्षरे योग्य हवा आणि योग्य वजन गृहीत धरूनच दिलेली असतात.

इथे नायट्रोजनवाले उभे राहतील याची खात्री आहे. या सदराच्या जुन्या वाचकांनी दोन ओळी सोडून पुढे जावे. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन फुकट असतो. तरी जुलै 2019 मध्ये राज्यसभेत नितीन गडकरींनी टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार सांगितला, आणि पंपापंपावर नायट्रोजनच्या हिरव्या टोप्या विकल्या जात आहेत. उरलेल्या 22 टक्क्यांनी वऱ्हाडाचे नेमके काय बिघडवले होते, हे कुणी सांगत नाही.

टायरला आरोपी करणे आपल्याला आवडतेही. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 जण गेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारले. फुटलेला टायर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणे सोपे.

तर त्या वाचकाला उत्तर. नवीन गाडीचे कंपनीचे टायर उतरवू नका. झिजतील तेव्हा त्याच मापाचा, व्ही अक्षराचा, ओल्या पकडीत वरचा आणि ताज्या तारखेचा टूरिंग टायर घ्या. 17 इंची चाकांचा नाद नको. बाजूची उंची 11 सेंटिमीटरवरून 10 वर आली की आपल्या गतिरोधकांवर टायरला फुगा यायला एक सेंटिमीटर कमी लागतो. वाचलेल्या पैशातून शंभर-दोनशेचे हवेचे गेज घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. त्याआधी एका सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पाचही चाकांची हवा तपासा. पाचवे म्हणजे स्टेपनी.